रेंडरमधल्या झाडांची मापं: ड्रॉइंग पाठवण्याआधी वाचा

आम्ही इमारतींची रेंडर, म्हणजे बांधकामाआधीची संगणकावरची चित्रं, तयार करतो. "झाडं जरा लहान करा, एलिव्हेशन (इमारतीची दर्शनी बाजू) झाकलं जातंय" आणि "झाडं फारच बारकी दिसतात, भरीव करा" असे दोन्ही निरोप आम्हाला एकाच प्रोजेक्टवर येतात, आणि तेही बहुतेक वेळा फायनल व्ह्यू पाठवून झाल्यावर. कारण जवळजवळ नेहमी तेच असतं: लँडस्केप प्लॅनवर झाडाच्या जागी नुसतं वर्तुळ काढलेलं असतं.

वर्तुळावरून पसारा कळतो. उंची कळत नाही, वय तर नाहीच. ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये एकच ब्लॉक (तयार चिन्ह) कॉपी होत जातो आणि चाफा, गुलमोहर, उंच अशोक सगळे ३ मीटरच्या वर्तुळात बसतात. पूर्ण वाढलेला गुलमोहर ८ ते १० मीटर उंच जातो आणि पसरतो त्याहून जास्त. चाफा ४-५ मीटरवर थांबतो. उंच अशोक १० मीटरच्या वर जातो, पण त्याचा पसारा दीड-दोन मीटरच. आता पार्किंगवर तीन मजले, प्रत्येक मजला ३ मीटर धरा. १० मीटरच्या गुलमोहराचा शेंडा तिसऱ्या मजल्याच्या खिडकीच्या सिलला, म्हणजे खालच्या कडेला, लागतो आणि त्याची सावली फायर टेंडरच्या (अग्निशमन गाडीच्या) ६ मीटर रस्त्यावर पूर्ण पसरते. प्लॅनवर यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून प्रत्येक झाडासाठी चार गोष्टी लिहून द्या: नाव, उंची, पसारा आणि कोणत्या वर्षीचं चित्र हवं. चौथी गोष्ट सगळ्यात जास्त राहून जाते, आणि सगळ्यात जास्त वेळ तीच खाते. पझेशनच्या दिवशी नर्सरीतून येतं ते १० फुटी रोप, मनगटाएवढं खोड आणि आधाराला बांबू. पाच वर्षांनी चित्र वेगळं, पंधरा वर्षांनी पार वेगळं. गुलमोहर झपाट्याने वाढतो, बकुळ सावकाश. त्यामुळे "सगळी झाडं दुप्पट करा" असं करून वय वाढत नाही. ब्रोशरसाठी आम्ही पाच वर्षांचं चित्र सुचवतो. बघायला भरलेलं वाटतं आणि फ्लॅट घेणाऱ्यालाही पुढे फसवल्यासारखं वाटत नाही.

"त्याच झाडाचं स्केल कमी करा ना, दोन मिनिटांचं काम" असंही सुचवलं जातं. ते आम्ही मुद्दाम टाळतो. २० मीटरचं मॉडेल ६ मीटरवर आणलं की १० सेंटिमीटरचं पान ३ सेंटिमीटरचं होतं, सालीवरच्या भेगा दाट होतात, फांद्यांची संख्या मात्र म्हाताऱ्या झाडाचीच राहते. झाड बोन्साय वाटतं आणि शेजारची इमारत उगाच अवाढव्य. १५ टक्के कमी-जास्त चालतं. त्यापलीकडे त्याच जातीचं लहान वयाचं मॉडेलच लावावं लागतं. तयार लायब्ररीत परदेशी झाडं भरपूर असतात. बहावा, ताम्हण, बकुळ, कडुनिंब हे आम्ही तीन-तीन वयांत स्वतः तयार करून ठेवलेत. यादी मागितली तर पाठवू.

युनिटचं थोडक्यात: मंजुरीचा नकाशा मीटरमध्ये असतो, वर्किंग ड्रॉइंग मिलिमीटरमध्ये. मिलिमीटरची फाईल इंच समजून उघडली की सगळं २५.४ पट होतं. पाठवण्याआधी एका दाराची उंची मोजा, मिलिमीटरच्या फाईलमध्ये ती २१०० यायला हवी.

आलेला व्ह्यू तुम्हालाही तपासता येतो. कॅमेरा माणसाच्या नजरेच्या उंचीवर, म्हणजे १.६ मीटरवर असेल, जमीन सपाट असेल आणि उभ्या रेषा सरळ असतील, तर क्षितिजाची रेषा प्रत्येक झाडाला बुंध्यापासून बरोबर १.६ मीटरवर छेदते, मग झाड जवळ असो की लांब. प्रिंटवर पट्टी लावा. बुंध्यापासून क्षितिज २ सेंटिमीटर आणि शेंडा १० सेंटिमीटर असेल, तर झाड पाच पट, म्हणजे ८ मीटरचं. कॅमेऱ्यापासून ५ मीटरवरचं झाड २० मीटरवरच्या तेवढ्याच झाडापेक्षा चौपट मोठं दिसतं. बऱ्याच तक्रारी अशा जवळच्या झाडाबद्दल असतात. तिथे झाड लहान करण्यापेक्षा बाजूला सरकवलेलं बरं.

रंग आणि मटेरियल चढवण्याआधी आम्ही राखाडी क्ले व्ह्यू पाठवतो, शेजारी १.७ मीटरचा माणूस उभा करून. झाडांची मापं त्याच टप्प्यावर पक्की करा. तिथले बदल मोफत आहेत. फायनलनंतरच्या बदलाचे पैसे लागतात, कारण झाड बदललं की भिंतीवरची आणि लॉनवरची सावली बदलते आणि ते झाड ज्या ज्या व्ह्यूमध्ये आहे ते सगळे पुन्हा रेंडर करावे लागतात. फोटोशॉपमध्ये झाड खोडता येतं, पण त्याची सावली जमिनीवर तशीच राहते.

साइटवर जुनी झाडं असतील तर ट्री सर्व्हेचा तक्ता नक्की जोडा. क्रमांक, बुंध्याचा घेर आणि उंची त्यात असतेच. पसारा नसेल तर चारही बाजूंनी काढलेले फोटो चालतील, फक्त प्रत्येक फोटोत झाडाला टेकून एक माणूस उभा करा आणि त्याची उंची लिहून पाठवा.