पिशवी काढली म्हणजे अंडाशयाचा कॅन्सर टळला?

"पिशवी काढून टाक, कॅन्सरची भीतीच नको." जळगाव-धुळ्याकडे चाळिशीतल्या बाईच्या सोनोग्राफीत अंडाशयावर गाठ दिसली की हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे.

पिशवी म्हणजे गर्भाशय. अंडाशयं त्याच्या दोन बाजूंना, वेगळी. नुसती पिशवी काढली तर ती जागेवरच राहतात आणि त्यांचा कॅन्सर पुढेही होऊ शकतो. सही करण्याआधी विचाराच: नक्की काय काय काढणार? गर्भनलिकांचंही विचारा, कारण यातल्या बऱ्याच कॅन्सरची सुरुवात नलिकेच्या टोकाशी होते.

पाळी चालू असताना दिसलेली पाण्याची साधी गाठ बहुतेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआप जिरते. अंडाशयाच्या कॅन्सरचा संशय आला की रक्तात सीए-१२५ नावाचं प्रथिन तपासतात, पण ते फायब्रॉइडनेही, म्हणजे पिशवीतल्या साध्या गाठींनीही, वाढतं. आई-बहिणीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर मात्र जनुकीय तपासणीचं बोला. बीआरसीए-१ या जनुकात दोष निघाला, म्हणजे हा कॅन्सर होण्याचा धोका जास्त असला, तर मुलं झाल्यावर, ३५ ते ४० व्या वर्षी, अंडाशयं आणि नलिका काढायला सुचवतात. गरज नसताना पाळी जाण्याआधीच अंडाशयं काढली तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

ऑपरेशननंतर सुमारे सहा आठवडे हंडा नाही, चाऱ्याचा भारा नाही, केळीचा घड तर नाहीच. कापूस वेचणी तोंडावर आली म्हणून बाईला पंधराव्या दिवशी शेतात नेऊ नका, ही कळकळीची विनंती. आणि पिशवी काढलेली असली तरी पोट सतत फुगत असेल, दोन घासांत भरत असेल, तर डॉक्टरांना दाखवा.