रिपोर्टवरचे १.६ कोटी आले कुठून?

मूल होत नाही म्हटलं की सोलापुरात आधी सुनेची सोनोग्राफी, मग तिचं रक्त, मधल्या काळात सिद्धेश्वराला नवस. नवऱ्याच्या वीर्याची डबी लॅबमध्ये पोचते ती सगळ्यात शेवटी. खरं तर वीर्यतपासणी सोपी, स्वस्त, आणि तिची मुळं बरीच जुनी. रिपोर्टवरचे १.६ कोटी म्हणजे एका मिलीलिटर वीर्यातल्या शुक्रजंतूंची खालची मर्यादा.

१६७७ मध्ये हॉलंडच्या लेव्हेनहूकने भिंगाखाली शुक्रजंतू वळवळताना पाहिले. हा मूळचा कापडवाला, सूत पारखायला भिंग वापरणारा. चादरींच्या गावाला हा तपशील आवडावा!

पण दिसणं वेगळं आणि मोजणं वेगळं. १९५१ मध्ये अमेरिकेत मॅक्लाउड आणि गोल्ड यांनी मूल होणारे हजार आणि न होणारे हजार पुरुष तपासले, आणि मिलीलिटरला २ कोटी शुक्रजंतू ही खालच्या मर्यादेची रेघ रुजली. जागतिक आरोग्य संघटनेची तपासणी-पुस्तिका १९८० मध्ये आली. तिच्या २०१० च्या आवृत्तीत रेघ १.५ कोटींवर उतरली, २०२१ मध्ये १.६ वर गेली. ज्यांच्या बायकांना वर्षभरात दिवस गेले, अशाच पुरुषांच्या आकड्यांतून ती काढली आहे. त्यांच्यातलेही शंभरातले पाच जण तिच्या खालीच होते. म्हणजे १.४ कोटी आले म्हणून कोणी नापास होत नाही. शिवाय शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिने लागतात. एप्रिलमधला जोराचा ताप जूनच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतो, म्हणून एका तपासणीवर निकाल लावायचा नसतो.

१९९२ मध्ये ब्रसेल्सहून इक्सीची बातमी आली: एकच शुक्रजंतू थेट बीजांडात सोडायचा. मोठंच काम, पण माझ्या मते त्यामुळे ‘काउंट (शुक्रजंतूंची संख्या) कमी का?’ हा प्रश्न मागे पडला. तो पुन्हा विचारायला आता साधनं आहेत. शुक्रजंतूंतल्या डीएनएची मोडतोड मोजता येते, वाय गुणसूत्राचा गळालेला तुकडा शोधता येतो.

साधी तपासणी मात्र आजही डबीवरच अडते. नमुना तासाभरात, २० ते ३७ अंशांतच पोचायला हवा. मंगळवेढ्याहून तासात येणं कठीण, तेव्हा तिकडच्यांनी लॅबमध्येच द्यावा. अक्कलकोट रोडवरून मे महिन्यात आणणाऱ्यांनी डबी गाडीच्या डिकीत ठेवू नये. शर्टाच्या आत, अंगाशी धरावी.