गाजराच्या नाकामागची साडेसहाशे वर्षे

कोल्हापूरच्या अंगणात बर्फ पडतो तो फक्त वळवाच्या गारांचा. चैत्र-वैशाखात भरदुपारी आभाळ काळंकुट्ट होतं, पोरं पातेली घेऊन बाहेर धावतात, गारा वेचतात आणि तोंडात टाकतात. त्यांचं काही घडवावं म्हटलं तर तोवर पातेल्यात पाणीच उरतं. म्हणून टोरांटोच्या पुतणीनं अंगणात केलेल्या स्नोमॅनचा व्हिडिओ पाठवला, तेव्हा आमच्या नातवानं तो चार-पाच वेळा लावून बघितला. मग त्याचा प्रश्न आला, "आजोबा, ह्याला नाक गाजराचंच का?"

प्रश्न साधा, पण त्याच्या उत्तरासाठी बरंच मागं जावं लागतं. (त्याला हिममानव मात्र म्हणू नये. तो शब्द आपल्याकडं हिमालयातल्या यतीसाठी रुळलाय.)

स्नोमॅनचं सर्वांत जुनं ज्ञात चित्र साधारण १३८० सालचं आहे. नेदरलँड्समधल्या हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात एक हस्तलिखित प्रार्थनापुस्तक आहे, त्याच्या समासात ते काढलंय. डोक्यावर टोपी असलेला बर्फाचा माणूस आगीजवळ बसलाय आणि वितळतोय. म्हणजे तेव्हाही लोकांना त्याच्या घडण्याइतकंच त्याचं विरघळणं चित्रात काढावंसं वाटत होतं.

आज आपण ह्याला लहान मुलांचा खेळ समजतो, पण तेव्हा तो मोठ्यांचाही उद्योग होता, आणि चांगल्या कलावंतांचाही. जानेवारी १४९४ मध्ये फ्लॉरेन्समध्ये जोरदार बर्फ पडला, तेव्हा तिथला सत्ताधीश पिएरो द मेडिची यानं आपल्या वाड्याच्या चौकात बर्फाचा पुतळा करायला मायकेलअँजेलोला बोलावलं. मायकेलअँजेलो तेव्हा अठरा वर्षांचा होता. पुतळा फार सुंदर झाला होता, असं त्याचा चरित्रकार वसारी लिहितो. मातीकाम आणि शिल्पाची परंपरा असलेल्या आमच्या गावात हे वाचताना हळहळ वाटते. दगडातलं त्याचं काम आजही बघता येतं, हे मात्र चार दिवसांत गटारात गेलं असेल.

त्याहून मोठा प्रकार ब्रुसेल्सचा. १५११ च्या हिवाळ्यात तिथं आठवडेच्या आठवडे गोठवणारी थंडी होती. लोकांनी शहरभर शंभरावर बर्फाचे पुतळे उभे केले. त्यात देव, संत आणि पुराणकथांतली पात्रं होती, तशीच राज्यकर्त्यांची आणि धर्माधिकाऱ्यांची टिंगल करणारी, उघडउघड अश्लील पात्रंही होती. यान स्मेकन नावाच्या कवीनं त्यांच्यावर दीर्घ काव्य रचलं, म्हणून आज ते सगळं ठाऊक आहे. आमच्याकडं गणपतीचे देखावे बघायला रात्री गल्लोगल्ली गर्दी फिरते, तशीच ती फिरली असणार असं मला वाटतं. फरक एवढाच, की तिथलं विसर्जन उन्हानं केलं.

स्नोमॅनचा पहिला ज्ञात फोटो वेल्समधला, १८५३ च्या सुमारास मेरी डिल्विन यांनी काढलेला.

जपानमधला स्नोमॅन दोनच गोळ्यांचा असतो, पाश्चात्त्यांसारखा तीन गोळ्यांचा नाही. त्याचं नाव युकिदारुमा. युकी म्हणजे बर्फ आणि दारुमा म्हणजे बोधिधर्म. परंपरेनुसार हे बौद्ध आचार्य दक्षिण भारतातून चीनला गेले होते. त्यांच्या गोल, बिनहातापायाच्या बाहुलीवरून बर्फाचा हा माणूस आला. नातवाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे हा आपल्याकडचाच की!" मला त्याचं म्हणणं खोडवेना.

आता गाजर. भर हिवाळ्यात युरोपातल्या घरात हाताशी काय असायचं? तळघरात साठवलेली कंदमुळं, शेगडीचा कोळसा, एखादी जुनी टोपी, दाराआडचा झाडू. नाक, डोळे, डोकं, हात, सगळं घरातलंच.

मात्र बर्फ कुठलाही चालत नाही. कडाक्याच्या थंडीत पडलेला कोरडा बर्फ भुकटीसारखा असतो, मुठीतून सांडतो. तापमान शून्य अंशाच्या आसपास असेल तर कणांभोवती पाण्याचा पातळ थर धरतो, दाबलं की कण एकमेकांना चिकटतात, आणि गोळा अंगणात लोळवत नेला की आपोआप वाढत जातो. पुतणीनं फोनवर सांगितलं, "काका, आधी मूठ वळून बघायची. बोटांचे ठसे उमटले तरच पुढं जायचं."

दिवाळीच्या आधी दगडविटांच्या ढिगावर चिखलात बुडवलेलं बारदान टाकून आम्ही पन्हाळा करायचो, तेव्हा लाल मातीची मूठ वळून थोरला भाऊ हेच बघायचा. पाणी जास्त झालं तर बुरूज घसरायचा, कमी पडलं तर सकाळी तटाला भेगा. ठसा नीट उमटला की तो म्हणायचा, "हां, आता लावा." मग आम्ही आळीव पेरायचो आणि मावळे मांडायला घ्यायचो. तुळशीच्या लग्नानंतर ती माती फावड्यानं ओढून परत झाडांच्या बुंध्याला जायची.

टोरांटोचा स्नोमॅन नऊ दिवस टिकला. शेवटच्या फोटोत ओल्या गवतावर एक गाजर आणि कोळशाऐवजी लावलेली दोन काळी बटणं पडलेली दिसतात.