चॉकलेट सिस्ट : आधी ऑपरेशन की आधी आयव्हीएफ?

गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर वाढतात तो आजार म्हणजे एंडोमेट्रिओसिस; त्यात बीजांडकोशात साकळलेल्या रक्ताची गाठ झाली की तिला चॉकलेट सिस्ट म्हणतात. या आजाराची वैद्यकीय वर्णनं १८६० पासून सापडतात, पण त्यात स्त्रीबीजाचं काय होतं हे पाहायची सोय आयव्हीएफमुळे, म्हणजे बीज शरीराबाहेर फलित करून गर्भाशयात सोडण्याच्या उपचारामुळे, झाली. त्यातून पहिलं मूल जगात १९७८ मध्ये जन्मलं, मुंबईतल्या पालिका रुग्णालयात १९८६ मध्ये. तोवर मूल न होण्याचं खापर चिकटलेल्या गर्भनलिकांवरच फुटायचं.

१९९० च्या दशकात बीजदानाच्या नोंदींनी दिशा बदलली. निरोगी स्त्रीचं बीज घेतलं की एंडोमेट्रिओसिस असलेल्या बाईच्या गर्भाशयातही गर्भ इतरांसारखाच रुजत होता. बीज देणारीलाच हा आजार असेल तर रुजण्याचं प्रमाण घटत होतं. संशय बीजाच्या दर्जावर गेला. सिस्टमधल्या जुन्या रक्तातलं लोह शेजारच्या पेशींना बाधतं, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. पुढे हा आजार असलेल्या स्त्रियांच्या भ्रूणांची गुणसूत्रं तपासली, तर दोष त्याच वयाच्या इतर स्त्रियांइतकेच निघाले. दर्जाचा वाद अजून मिटलेला नाही.

बीजांडकोशात उरलेल्या बीजांच्या साठ्याचं तसं नाही, तो घटतो हे नक्की, आणि इथे उपचारांनीही नुकसान केलं आहे. २००५ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांचा सल्ला होता : सिस्ट चार सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल तर आयव्हीएफपूर्वी काढा. निदान पक्कं होईल, बीजं काढणं सोपं जाईल, जंतुसंसर्ग टळेल, असा हिशेब होता. पण ही सिस्ट सालीसारखी सुटून येत नाही. दुर्बिणीतून तिचं अस्तर ओढून काढताना बीजांडकोशाचा निरोगी पापुद्राही सोबत येतो; काढलेल्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली बीजांचे कोष दिसतात. रक्त थांबवायला डाग दिले की आणखी काही जळतात. एएमएच ही बीजांचा साठा सांगणारी रक्तचाचणी रुळल्यावर ऑपरेशननंतरची घट आकड्यांत दिसू लागली. दोन्ही बाजूंना सिस्ट असेल तर ती जास्त. अर्थात, सिस्टमुळेही साठा घटतोच.

२०२२ च्या सूचनांनी केवळ आयव्हीएफचं यश वाढावं म्हणून सरसकट ऑपरेशन करू नये, असं स्पष्ट सांगितलं. दुखणं असह्य असेल, सोनोग्राफीत गाठ संशयास्पद वाटत असेल किंवा बीजं काढायची सुई बीजकोषांपर्यंत पोहोचत नसेल, तर ऑपरेशनचा विचार आजही होतो. हा बदल फार उशिरा आला. ऑपरेशन करावंच लागणार असेल तर आधी एएमएच तपासायला हवं आणि बीजं गोठवून ठेवण्याचा पर्याय त्या बाईपुढे संमतीची सही घेण्यापूर्वीच मांडायला हवा.