निसाची लढाई

नॉर्वेचा राजा हाराल्ड हार्डराडा आणि डेन्मार्कचा राजा स्वेन एस्ट्रिडसेन यांच्यात ९ ऑगस्ट १०६२ रोजी निसा नदीच्या मुखाजवळ झालेली आरमारी लढाई. हा हाल्लांडचा किनारा आज स्वीडनमध्ये असला, तरी त्या काळी तो डॅनिश अमलाखाली होता. दोन्ही देशांचा राजा मॅग्नस १०४७ मध्ये वारल्यावर नॉर्वे हाराल्डकडे आणि डेन्मार्क स्वेनकडे गेला. पण हाराल्डने डेन्मार्कवरचा दावा सोडला नाही आणि डॅनिश किनाऱ्यावर तो वारंवार लुटालूट करीत राहिला.

अखेर एकदाच काय तो निकाल लावू म्हणून त्याने स्वेनला योता नदीच्या मुखाशी बोलावले. स्वेन आला नाही, तेव्हा हाराल्डने सक्तीने भरती केलेल्या शेतकऱ्यांना घरी धाडले आणि तो उरलेल्या दीडशे नौकांनिशी दक्षिणेकडे निघाला. तिथे स्वेन तीनशे नौका घेऊन समोर उभा राहिला. हे आकडे दरबारी कवींच्या कवनांतले आहेत आणि तिकडचे ‘शंभर’ बहुधा १२० चे असे, हे ते वाचताना विसरू नये.

त्या काळच्या रीतीप्रमाणे मधल्या नौका दोरखंडांनी एकमेकींना बांधल्या गेल्या, म्हणजे पाण्यावर जणू रणांगणच तयार झाले. शत्रूच्या नौकेवर चढायचे आणि शेवटचा माणूस पडेपर्यंत किंवा पाण्यात उडी घेईपर्यंत ती ‘रिकामी’ करायची, हीच लढण्याची पद्धत होती. हाराल्ड रात्रभर धनुष्य ओढत होता, असे थ्योडोल्फ हा त्याचा कवी सांगतो. हाराल्डच्या बाजूने लढणाऱ्या हाकोन इवार्सोन या सरदाराने मात्र आपल्या नौका मोकळ्या ठेवल्या आणि जिथे नॉर्वेची फळी खचे तिथे तो धावून गेला. सत्तर डॅनिश नौका रिकाम्या झाल्या, त्यांत स्वेनची स्वतःचीही होती.

स्वेन निसटला, आणि तोही हाकोनच्याच मदतीने, असे तेराव्या शतकातला इतिहासकार स्नोरी स्टुर्लुसोन सांगतो. वेश पालटलेल्या राजाने एका शेतकऱ्याच्या घरी हात धुऊन पंचाच्या मधल्या भागाला पुसले, तेव्हा घरधनिणीने त्याला झापले, की सगळा पंचा एकदम ओला करणे हा गावंढळपणा आहे. कथा रचलेली असू शकेल. राजा सुटला हे मात्र खरे, आणि त्यामुळेच विजय मिळूनही डेन्मार्क हाराल्डच्या हाती लागला नाही. १०६४ मध्ये योता नदीवर तह झाला : जुन्या सीमा कायम राहाव्यात आणि ज्याचे जे नुकसान झाले ते त्याने सोसावे.