प्रवाळ-मत्स्यालयासाठी मेटल हॅलाइड दिव्याची पारख

प्रवाळ-मत्स्यालयातील मेटल हॅलाइड दिवा : खाऱ्या पाण्याच्या टाकीत जिवंत प्रवाळ वाढवण्यासाठी वापरला जाणारा प्रखर दिवा. क्वार्ट्‌झच्या छोट्या नळीत पारा, आर्गॉन वायू आणि सोडियम, स्कँडियम, इंडियम, डिस्प्रोसियम अशा धातूंची आयोडाइडे भरलेली असतात. त्यांच्या बाष्पात विद्युत् प्रज्योत (आर्क) पेटते व प्रकाश मिळतो. पाऱ्याच्या दिव्यात धातूंची लवणे घालण्याच्या कल्पनेचे पेटंट चार्ल्स स्टाइनमेट्झ यांना १९१२ मध्ये मिळाले. व्यवहारात चालेल असा दिवा मात्र १९६० च्या दशकाच्या आरंभी जनरल इलेक्ट्रिकमधील गिल्बर्ट रायलिंग यांनी तयार केला. सोलापुरात हा दिवा मंगल कार्यालयांच्या अंगणात, कारखान्यांच्या उंच शेडमध्ये आणि मैदानांवर वर्षानुवर्षे जळत आला आहे. वायरमन त्याला नुसते ‘मेटल’ म्हणतात. गिऱ्हाईक दुकानात जाऊन ‘हॅलोजन द्या’ म्हणते आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो : हॅलोजनमध्ये तापलेली तार असते, मेटलमध्ये तार नसतेच.

प्रवाळाच्या पेशींत झूझँथेली नावाची सूक्ष्म शैवले राहतात. ती प्रकाशसंश्लेषण करतात आणि तयार झालेल्या अन्नातला मोठा वाटा प्रवाळाला देतात. त्यांना लागणारा प्रकाश ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. त्याच्या मोजमापाला छंदी मंडळी ‘पार’ म्हणतात. खोक्यावर छापलेले ल्युमेन इथे कामाचे नाहीत, कारण ल्युमेन हे माणसाच्या डोळ्याचे माप आहे आणि आपला डोळा हिरव्या-पिवळ्याला झुकते माप देतो. रस्त्यावरच्या पिवळ्या सोडियम दिव्याचे ल्युमेन भरपूर असतात. निळा प्रकाश मात्र त्यात नावापुरताच. मऊ प्रवाळांना साधारण ५० ते १५० पार पुरते, तर बारीक तोंडांच्या कठीण प्रवाळांना, उदाहरणार्थ ॲक्रोपोरा, २५० ते ४०० पर्यंत लागते.

हातात आलेला दिवा ओळखायचा तर आधी आतली नळी पाहावी. सोडियमची नळी लांब, बारीक आणि दुधी असते. मेटलची नळी आखूड, जाडसर व पारदर्शक असून तिच्या टोकांना पांढरा लेप आणि आत आयोडाइडांचे रंगीत कण दिसतात. (सिरॅमिक मेटलची नळी दुधीच, पण आखूड आणि पोटाशी फुगीर असते.) मर्क्युरीच्या अंडाकृती दिव्याला बहुधा आतून पांढरा मुलामा असतो. मग टोपी. १५० वॅटचा दोन टोकांचा दिवा बहुधा आर-सेव्हन-एस होल्डरमध्ये बसतो, २५० व ४०० वॅटचा एफसी-टूमध्ये. एका टोकाच्या २५० आणि ४०० वॅटला आपल्याकडे ई-४० हा मोठा आट्यांचा होल्डर असतो, अमेरिकी मालाला ई-३९. फरक एका मिलिमीटरचा, पण तेवढ्याने दिवा फिरून बसल्यासारखा वाटतो आणि खालचा संपर्क कधी टेकतच नाही.

काचेवरच्या किंवा टोपीवरच्या अक्षरांत बाकीची कुंडली असते. केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप, आकडा लहान तितका प्रकाश पिवळा, मोठा तितका निळा. ‘१५०/एनडीएल’ असे छापलेला दिवा सुमारे ४,२०० केल्विनचा, ‘डी’चा ५,२०० च्या आसपास आणि ‘डब्ल्यूडीएल’चा ३,००० चा. काही दिव्यांवर ‘८४२’ असा तीन आकडी संकेत असतो. पहिला आकडा रंगपरख (वस्तूंचे रंग किती खरे दिसतात त्याचे शंभरपैकी माप) ऐंशीच्या घरात असल्याचे सांगतो, पुढचे दोन ४,२०० केल्विन. शोरूमसाठी आणि शेडसाठी विकला जाणारा बहुतेक माल याच पट्ट्यातला, म्हणजे प्रवाळासाठी पिवळा. अशा दिव्याखाली प्रवाळ लगेच मरत नाही, पण टाकी चहासारखी दिसते आणि काचेवर शेवाळाला फावते. प्रवाळाचे दिवे ६,५००, १०,०००, १४,००० आणि २०,००० केल्विनचे असतात व ते मत्स्यालयाच्या व्यापाऱ्याकडूनच मागवावे लागतात.

केल्विनच्या आकड्यावर फार विसंबू नये. हा आकडा तापलेल्या आदर्श कृष्ण पदार्थाच्या रंगाशी तुलना करून काढतात. निळ्याच्या टोकाला ती तुलना सैल पडते, म्हणून दोन कंपन्यांचे १४,००० चे दिवे शेजारी लावले तर एक पांढरा आणि दुसरा जांभळट दिसू शकतो. सर्वसाधारणपणे तेवढ्याच वॅटमध्ये ६,५०० ते १०,००० केल्विनचा दिवा जास्त पार देतो. २०,००० चा दिवा पार कमी देतो, पण त्याचा भर ४५० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्यावर असतो आणि प्रवाळांचे हिरवे-केशरी चमकणारे रंग त्यात खुलतात. १४,००० हा मधला मार्ग, आणि पहिल्या टाकीसाठी तोच बरा.

दिव्याइतकाच, किंबहुना काकणभर जास्त, विचार चोकचा करावा लागतो. मेटलचा दिवा थेट वायरीवर जळत नाही. प्रवाह आवरायला चोक, पेटवायला काही हजार व्होल्टचा ठोका देणारा इग्नाइटर आणि पॉवर फॅक्टर सुधारायला कपॅसिटर लागतो. २५० वॅटमध्ये खरी गोची होते. मर्क्युरीच्या जातीचा चोक २.१५ अँपिअरचा, सोडियमच्या जातीचा ३ अँपिअरचा, आणि मेटलचे दिवे दोन्ही प्रकारचे मिळतात. दोन टोकांचा २५० वॅटचा दिवा सहसा ३ अँपिअर मागतो. त्याला २.१५ चा चोक दिला तर तो अर्धपोटी जळतो, रंग बिघडतो, कधी लुकलुकतो. उलट केले तर दिवा भडक होतो, नळी लवकर काळवंडते. ४०० वॅटमध्येही ३.२५ आणि ४.४५ अँपिअर असे दोन घर आहेत. १५० वॅटमध्ये मात्र दोघांचाही प्रवाह सुमारे १.८ अँपिअर असल्याने तिथे चूक होणे अवघड. दिवा हातात घेऊन चोकच्या पाटीवरचा अँपिअरचा आकडा वाचल्याशिवाय पैसे देऊ नयेत. पेनसिल्व्हेनिया स्टेट युनिव्हर्सिटीतील प्राध्यापक संजय जोशी यांनी अनेक दिवे निरनिराळ्या बॅलास्टवर (म्हणजे चोकवर) लावून त्यांचे वर्णपट मोजले, त्यात एकच दिवा बॅलास्ट बदलताच वेगळा प्रकाश देतो हे स्पष्ट दिसते. अमेरिकेतून आणलेल्या १२० व्होल्ट, ६० हर्ट्‌झच्या बॅलास्टला आपल्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झवर जोडण्याचा विचारही करू नये.

वॅट ठरवण्याचा जुना ठोकताळा पाण्याच्या खोलीवर बसवलेला आहे : दीड फुटापर्यंत १५० वॅट, दोन फुटांपर्यंत २५०, त्याहून खोल टाकीला ४००, एक दिवा साधारण दोन फूट लांबी उजळतो. सोलापुरात या हिशेबाला उन्हाळ्याची कात्री लावावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो, आणि प्रवाळाला पाणी २४ ते २७ अंशांचे हवे. ३० च्या वर ते रेंगाळले की प्रवाळ आपली शैवले टाकून पांढरा पडू लागतो. दिव्याने खाल्लेली वीज अखेर खोलीत उष्णता म्हणूनच उतरते, वर चोकचे पंचवीसेक वॅट वेगळे. म्हणून चोक टाकीच्या कपाटात न ठेवता बाहेर भिंतीवर, हवेशीर जागी बसवावा.

इथला उन्हाळा कोरडा असतो, हा एक फायदा. पाण्यावर पंखा सोडला की बाष्पीभवनाने ते चांगले निवते. एक लिटर पाणी उडताना सुमारे ०.६७ युनिट उष्णता नेते. २५० वॅटचा दिवा आठ तासांत २ युनिट जाळतो. ती सारी पाण्यात उतरली असे धरले तरी तीन लिटर उडाले की हिशेब मिटतो. पण २०० लिटरच्या टाकीतून तीन लिटर उडाले तर क्षारता एका दिवसात दर हजारी ३५ वरून साडेपस्तीसवर जाते. भर घालायची ती आरओच्या पाण्याची. बोअरचे जड पाणी ओतले तर क्षार साचत जातात. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या शहरात आरओने टाकून दिलेले पाणी फरशी पुसायला आणि कुंड्यांना जाते, गटारात नाही. आणि खोलीच चाळीस अंशांची असेल तर पंखाही पुरत नाही. मग चिलर (पाणी थंड करणारे यंत्र), नाहीतर दिवा पहाटे आणि रात्री लावून दुपार अंधारात काढायची. प्रवाळाला दिवस-रात्रीचे चक्र नियमित हवे, आपल्या घड्याळाशी त्याला देणेघेणे नाही.

वळवाच्या दिवसांत आणखी एक गंमत दिसते. वारा सुटतो, लाइट क्षणभर जाऊन येते. छताचा पंखा थांबतही नाही, पण टाकी गपकन अंधारते. गरम नळीतला दाब जास्त असल्याने प्रज्योत लगेच पुन्हा पेटत नाही. इग्नाइटर टकटक करत राहतो, आणि दहा-पंधरा मिनिटांनी फिकट गुलाबी ठिणगी उमटून दिवा हळूहळू निळसर पांढरा होतो. हा बिघाड नव्हे. अशा वेळी बटण पुन्हा पुन्हा दाबून काही होत नाही.

दोन टोकांच्या अनेक दिव्यांना अतिनील किरण अडवणारी बाहेरची काच नसते, त्यामुळे ते किरण थेट बाहेर पडतात. फिटिंगला टफन्ड काच नसेल तर प्रवाळ भाजतो आणि पाहणाऱ्याचे डोळेही. एका टोकाच्या दिव्याचे बाहेरचे कवच फुटूनही आतली नळी जळत राहू शकते, तो ताबडतोब बंद करावा. क्वार्ट्‌झला उघडे बोट लावू नये. लागलेच तर स्पिरिटने पुसावे.

नव्या दिव्याचा रंग स्थिरावायला सुमारे १०० तास लागतात. नऊ महिने ते वर्षभरात प्रकाश इतका उतरतो की दिवा जळत असूनही बदलावा लागतो. बदलताना फिटिंग काही दिवस वर उचलावी, नाहीतर अंधाराला सरावलेला प्रवाळ नव्या दिव्याखाली पोळतो. एलईडी आल्यानंतर या दिव्यांची निर्मिती बरीच आटली आणि बाजारात जुना साठा व वापरलेला माल फिरतो. न जळलेला दिवा खोक्यात पडून जुना होत नाही, म्हणून जुन्या तारखेला घाबरू नये. नळीची टोके काळी किंवा क्वार्ट्‌झ धुरकट दिसले तर मात्र तो वापरलेलाच.

दिव्याखाली काय ठेवायचे यावरही बंधन आहे. भारतीय समुद्रातील सर्व कठीण प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण मिळाले. मालवणच्या किनाऱ्यावरून उचलून आणलेला तुकडा घरात ठेवणे हा गुन्हा ठरतो. परदेशी कठीण प्रवाळ साइट्‌स या वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत येतात आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्रजातींची नोंदणी करावी लागते.

निकामी दिव्यात पारा तसाच असतो. तो घंटागाडीत न टाकता मूळ खोक्यात घालून ई-कचरा घेणाऱ्याकडे द्यावा.