पसरणारी गाठ आणि न पसरणारी गाठ

स्तनाच्या कर्करोगाचं निदान झालं की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच प्रश्न येतो: "पसरला तर नाही ना?" प्रश्न अगदी रास्त आहे. स्तनातली मूळ गाठ शस्त्रक्रियेनं काढता येते. जिवावर बेततं ते हाडांत, फुप्फुसांत, यकृतात किंवा मेंदूत जाऊन बसलेल्या पेशींमुळे. पण दोघींची गाठ सारख्याच आकाराची, दोघींच्याही काखेतल्या लसीकाग्रंथींत आजार पोचलेला नाही, तरी एकीचा आजार काही वर्षांत हाडांत उतरतो आणि दुसरी ठणठणीत राहते, असं का होतं?

उत्तराचा मोठा भाग जनुकांच्या अभिव्यक्तीत आहे. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत जनुकांचा संच तोच असतो; कुठलं जनुक चालू, कुठलं बंद आणि चालू असेल तर किती जोरात, यावर पेशीचं वागणं ठरतं.

दूधनलिकांच्या अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनानं एकमेकींना घट्ट धरून असतात. 'ट्विस्ट' हे जनुक गर्भाच्या वाढीत कामाचं, कारण तेव्हा काही पेशींना जागा सोडून दुसरीकडे जावंच लागतं. कर्करोगाच्या पेशीत ते पुन्हा जागं झालं की ई-कॅडहेरिन बनणं मंदावतं, पकड सुटते, पेशी लांबट होते आणि रक्तवाहिनीच्या दिशेनं सरकू लागते. २००४ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट वाइनबर्ग यांच्या प्रयोगशाळेनं उंदरांतल्या गाठींमध्ये हे जनुक दाबून पाहिलं. गाठ वाढली, पण फुप्फुसापर्यंत पोचणाऱ्या पेशी खूपच कमी झाल्या.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते ॲमस्टरडॅमचं काम. तिथल्या कर्करोग संस्थेत जुन्या रुग्णांच्या गाठी गोठवून जपलेल्या होत्या. लॉरा व्हॅन्ट व्हीर आणि सहकाऱ्यांनी काखेत आजार न पोचलेल्या ७८ स्त्रियांच्या गाठी निवडल्या. त्यांपैकी ३४ जणींचा आजार पुढे पाच वर्षांच्या आत पसरला होता, ४४ जणींचा नाही. सुमारे २५,००० जनुकांची अभिव्यक्ती मोजून त्यांनी ७० जनुकांची खूण शोधली, म्हणजे कुठली गाठ पुढे पसरण्याची शक्यता जास्त, हे सांगणारा त्यांच्या अभिव्यक्तीचा नमुना. २००२ मध्ये हे प्रसिद्ध झालं, तेव्हा जुन्या समजुतीला धक्का बसला. पसरण्याची ताकद गाठीतल्या मोजक्या पेशींना उशिरा मिळते, असं मानलं जाई. इथे तर तिची चाहूल लहान गाठीतच लागत होती.

मग ही खूण उपचार ठरवायला उपयोगी पडते का, हे पाहायला युरोपात ६,६९३ स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २०१६ मध्ये आले. नेहमीच्या वैद्यकीय निकषांनुसार धोका जास्त, पण या ७० जनुकांनुसार कमी, अशा ज्या स्त्रियांना केमो दिली नाही, त्यांच्यापैकी सुमारे ९५ टक्के जणींचा आजार पाच वर्षांत दूर पसरला नाही. केस गळणं, उलट्या, नसांना मुंग्या, हे सगळं टळणं केवढी मोठी गोष्ट आहे! मात्र पन्नाशीच्या आतल्या स्त्रियांत केमोचा फायदा पुढे जास्त दिसला, म्हणून निर्णय डॉक्टरांशी बोलूनच घ्यावा. शिवाय ही ७० जनुकांची तपासणी प्रत्येक प्रकारच्या गाठीला लागू नाही, आणि आपल्याकडे ती बहुतेक घरांना परवडतही नाही, याचं वाईट वाटतं.

या तपासणीसाठी नव्यानं सुई टोचावी लागत नाही. काढलेल्या गाठीचे तुकडे पॅथॉलॉजीत मेणाच्या ठोकळ्यात, म्हणजे 'ब्लॉक'मध्ये जपलेले असतात, तेच पुरतात. डिस्चार्जच्या धावपळीत ब्लॉक आणि स्लाइड्स कुठे आहेत, तेवढं विचारून ठेवा.